कच्च्या टाक्यांची मोटारसायकल

अण्णांनी आधी मोटारसायकलला हात जोडले, मग गळ्यातली टेप काढून तिची कंबर मोजली.

"सव्वा एकतीस. लिही."

मी मापांच्या वहीत लिहिलं. गिऱ्हाइकाचं नाव घालायच्या जागी त्यांनी मला ‘राजदूत’ लिहायला लावलं होतं आणि खाली नेहमीचेच रकाने होते : उंची, कंबर, बाही, मुंढा. सीट म्हणजे कंबर आणि हँडल म्हणजे बाही, इथपर्यंत मला कळलं. मुंढा म्हणजे काखेचा घेर, तो कुठला, असं विचारल्यावर अण्णांनी क्षणभर विचार केला आणि पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवलं.

मग माझी पाळी आली. टेपचं वरचं टोक मी धरलं, खालचं त्यांनी. पायाची आतली लांबी सव्वीस भरली. अण्णा खूश झाले, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं आणि त्यांनी चपला काढायला सांगितल्या. अनवाणी मी साडेपंचवीसच निघाले.

"गिऱ्हाईक साडेपंचवीस, कापड सव्वा एकतीस," ते म्हणाले. "पावणेसहा इंचांचा घोळ हाय."

समोरच्या शेडच्या दारात बाबालालचाचा विडी ओढत हा सगळा कार्यक्रम बघत होते. बाबालाल शिकलगार म्हणजे आमच्या गल्लीतले वेल्डिंगवाले मिस्त्री, अण्णांचे शाळेपासूनचे मित्र आणि त्यांच्या प्रत्येक कामावर टीका करण्याचा हक्क असलेले विट्यातले एकमेव गृहस्थ. त्यांनी तिथूनच विचारलं, की टेलर, खिसे किती ठेवणार? अण्णांनी मान वर न करता सांगितलं, की दोन, साइडला. आम्ही हसलो. अण्णा थट्टा करत नव्हते, हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि उंचीला चार फूट दहा इंच. दुग्धशास्त्राची पदविका घेऊन घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे ‘नारायण पिसे, जेंट्स टेलर’ या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या दुकानात काजं करत आणि बटणं लावत बसले होते. आई मी नववीत असतानाच गेली. घरात अण्णा आणि मी दोघंच, आणि घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या.

एप्रिलमध्ये एका दूध संघाने पहिल्यांदाच पर्यवेक्षकाच्या जागेवर बाई घ्यायचं ठरवलं आणि मुलाखतीत माझी निवड झाली. जत तालुक्यातली अठ्ठावीस गावं फिरायची, तिथल्या संस्थांचं दूध तपासायचं, नमुने आणायचे. राहायचं जतलाच, खोली घेऊन. अट एकच होती. मोटारसायकलचा पक्का परवाना तीस जूनच्या आत दाखवायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. पुढचा उमेदवार पावणेसहा फुटांचा होता, हे मला मुलाखतीच्या दिवशीच दिसलं होतं.

आरटीओचा कॅम्प विट्यात महिन्यातून एकदा भरायचा. मेच्या कॅम्पात मला शिकाऊ परवाना मिळाला. पक्क्या परवान्याची परीक्षा जूनच्या सव्वीस तारखेला, आणि त्या एका तारखेवर नोकरी टांगलेली.

अण्णांनी एका निवृत्त जनावरांच्या डॉक्टरांकडून ही राजदूत घेतली. ती दणकट होती, चालायला चांगली होती, फक्त माझ्यासाठी केलेली नव्हती. मी तिच्यावर बसले की माझे दोन्ही पाय हवेत लोंबकळायचे. अण्णा म्हणाले, की तयार कपडे कुणालाच बसत नाहीत, त्यात बिचाऱ्या गाडीचा काय दोष. माप घेऊन बसवून देऊ.

आता अण्णांच्या कामाच्या पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं. अण्णांचा हात उत्तम होता, याबद्दल खानापूर तालुक्यात दुमत नव्हतं. त्यांनी दिलेल्या तारखेबद्दलही दुमत नव्हतं. ती कधीच पाळली जायची नाही. याचं कारण होतं ट्रायल. अण्णा कुठलाही कपडा आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चा जोडायचे, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचे, खुणा करायचे, उसवायचे, पुन्हा कच्चा जोडायचे. स्वतःचं समाधान झाल्याशिवाय पक्की शिलाई मारायची नाही, हा त्यांचा नेम. एका नवरदेवाच्या कोटाचं समाधान लग्नाच्या दिवसापर्यंत झालं नाही. तो बिचारा तसाच बोहोल्यावर चढला. त्याच्या लग्नाच्या फोटोत दोन्ही खांद्यांवर पांढरे टाके स्पष्ट दिसतात.

तीच पद्धत त्यांनी मोटारसायकलला लावली.

दुकानामागच्या अंगणात त्यांनी गाडी उभी केली आणि आधी सीट उघडलं. आतला स्पंज कापडाच्या कात्रीने कापायचा, पण एका वेळी पाव इंचच, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. पाव इंच कापायचा, मला बसवायचं, पाय कुठवर जातात बघायचं, उतरवायचं, पुन्हा पाव इंच. एका दुपारी मी अकरा वेळा चढले आणि उतरले. पुढच्या टोकाला सीट निमुळतं केलं, म्हणजे मांड्या फाकून पायांची लांबी वाया जायला नको. त्यावर लालसर रेक्झिन, दुहेरी शिलाई, कडेला काळी गोट. आणि खरोखरच दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे. एका खिशात नमुन्याच्या बाटल्या उभ्या राहतील असे कप्पे होते, दुसऱ्यात दुधाची घनता बघायच्या काचेच्या नळीसाठी कापूस भरलेली लांब पिशवी. बाबालालचाचांनी ते सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं. शेवटी ते म्हणाले, की टेलर, हिला बटणं लावली असती तर मी दिवाळीला घातली असती.

लोखंडाचं काम चाचांचं. त्यांनी मागचे शॉकअप आखूड बसवले आणि गाडी दीड इंच खाली आली. गाडी खाली आली म्हणून स्टँड लांब झालं, ते कापलं. हँडल तापवून, वर उचलून माझ्या बाजूला वळवलं, कारण माझ्या हातांची लांबीही देवाने पायांना शोभेल अशीच दिली होती. जोडायचं मात्र अण्णांनीच, हा करार होता. ते प्रत्येक नट बोटांच्या चिमटीने फिरवून बसवायचे आणि पान्ह्याला हात लावायचे नाहीत. चाचा म्हणायचे, अरे पिळ की. अण्णा म्हणायचे, ट्रायल झाल्यावर.

चालवायला मला चाचांनीच शिकवलं. तरुणपणी ते ट्रक चालवायचे. सीटचं काम चालू होतं तेव्हा सांगाड्यावर गोणपाटाची घडी टाकून मी बसायची, तेवढं खाली गेलं की माझे चवडे जमिनीला लागायचे. सकाळी शाळेच्या मैदानात मी गाडीवर आणि चाचा मागे धावत. चौथ्या दिवशी त्यांनी धावणं सोडलं आणि पायरीवर बसून विडी पेटवली. मागे वळून ते दिसले तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी सरळ मैदानाबाहेर गेले आणि थांबायचं कसं ते आठवेपर्यंत बाजारपेठ आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हँडलचं काम निघालं आणि सराव थांबला. गाडी अंगणात कच्च्या अवस्थेत उभी राहिली. ट्रायल गुरुवारी होती. गुरुवारी अण्णांना वाटलं, की सीटच्या डाव्या बाजूची गोट सरळ नाही. ती उसवली. मग सोमवार. सोमवारी त्यांना हँडल पाव इंच पुढे वाटलं. मला काहीच वाटत नव्हतं, पण माझं मत विचारात घ्यायची पद्धत नव्हती. मग पुढचा गुरुवार.

चाचा वैतागले. दोन पान्हे आणि दहा मिनिटं, एवढंच काम राहिलंय, असं ते रोज सकाळी दारातून ओरडून सांगायचे. अण्णा टेप गळ्यात टाकून गाडीभोवती फिरायचे, इथे बोट लावायचे, तिथे बोट लावायचे आणि म्हणायचे, की घाईचं काम आपल्या दुकानातून जात नाही. मीही फार मागे लागले नाही. पिसे टेलरच्या मागे लागून उपयोग नसतो, हे विट्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

पंचवीस तारखेला अण्णांनी जाहीर केलं, की उद्या दुपारी दोनला ट्रायल. कॅम्प तीनला. एका तासात पक्कं करून मैदानावर आणून देतो. मी हो म्हटलं.

सव्वीसला सकाळी अण्णा सायकलवरून शेजारच्या गावी एका लग्नघरी मापं घ्यायला गेले. अकराच्या सुमाराला चाचा घाईघाईने अंगणात आले. आरटीओचे साहेब लवकर आले होते आणि एकला दुसऱ्या गावी निघणार होते. रांग लागलीसुद्धा. चाचांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी पडलेली आणि मालक डोक्यावर उभा. म्हणून चाचांनी अंगणाच्या दारातूनच विचारलं, गाडी झाली का?

"झाली," मी म्हणाले.

मग जा लवकर, म्हणून ते परत फिरले. मी गाडी स्टँडवरून काढली आणि ढकलत निघाले. विश्रामगृहाचं मैदान आमच्या घरापासून चार मिनिटांवर. नवं लाल सीट बघून रस्त्यातल्या लोकांनी वाट दिली.

मैदानात कडुनिंबाखाली टेबल टाकून साहेब बसले होते. मध्यम वयाचे, अंगाने आडवे, चेहऱ्यावर आज सकाळपासून खूप मूर्खपणा बघितल्याचा थकवा. समोर जमिनीवर फक्कीने मोठा आठ आकडा काढलेला. पाय न टेकवता त्यावरून दोन फेऱ्या मारायच्या. रांगेत वीस-पंचवीस पुरुष आणि शेवटी मी. माझ्या पुढच्या माणसाने वळून माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग बराच वेळ सीटकडे. तो आमचं गिऱ्हाईक होता, कोंडिबा सुर्वे, गवळी. शिलाई कुठली ते त्याने लगेच ओळखलं.

नाव पुकारलं तेव्हा साहेब स्वतः उठून गाडीजवळ आले. खिशाचं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा बंद केलं. हे कुठून आणलंत, असं विचारलं. घरी शिवलंय म्हटल्यावर त्यांनी कडेच्या शिलाईवरून अंगठा फिरवला आणि ते टेबलाकडे गेले.

मी गाडी सुरू केली. पहिला गोल नीट गेला. सीट खरंच सुंदर बसलं होतं. अण्णांच्या हाताला तोड नाही, असा विचार माझ्या मनात आला तो आकड्याच्या मध्यावर, आणि तिथेच हँडल हलायला लागलं. उजवी-डावीकडे नाही, माझ्याकडे. हळूहळू, आरामात, ते पोटाच्या दिशेने खाली येत गेलं. दुसऱ्या गोलाच्या वळणावर ते माझ्या मांडीवर टेकलं आणि माझा पाय फक्कीवर. इंजिन बंद पडलं. रांगेतून मोठा हशा उठला.

साहेब आले. त्यांनी दोन बोटांनी हँडल धरून वर नेलं, सोडलं, ते पुन्हा खाली आलं. त्यांनी तीनदा करून बघितलं.

"ही गाडी कुणी जोडली?"

मी गाडीवरून उतरले.

"रस्त्यावर घेऊन गेला असतात तर?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण हशा थांबला. "पुढच्या महिन्यात या. गाडी नीट करून आणा."

पुढच्या महिन्यात येऊन उपयोग नाही, तीस तारखेच्या आत परवाना दाखवायचा आहे, नाहीतर नोकरी जाईल, असं मी सांगितलं. सांगायला हवं म्हणून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि जिवापेक्षा तारीख मोठी नाही, एवढं बोलून कागदावर काहीतरी लिहायला पेन उघडलं.

तेवढ्यात अण्णा आले. साहेब लवकर आल्याचं कळताच लग्नघरची मापं टाकून ते घरी परतले होते, अंगण रिकामं बघून चाचांकडे धावले होते आणि आता दोघंही सायकलवरून आले होते, अण्णा पुढे आणि चाचा मागे पान्ह्यांची पिशवी मांडीवर घेऊन. अण्णांनी सायकल सोडून दिली, ती पडली. गळ्यात टेप, कानावर खडू. एवढ्या वेगात मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

त्यांनी आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. कुठे लागलं नाही याची खात्री झाल्यावर ते माझ्याकडे पुन्हा न बघता सरळ टेबलासमोर गेले.

"साहेब, पोरीची चूक न्हाई. गाडी मी कच्ची ठेवलीया."

"कच्ची म्हणजे?"

अण्णांनी सांगितलं. आधी कच्चं, मग ट्रायल, मग पक्कं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग ट्रायल का घेतली नाही, असं त्यांनी विचारलं.

"काम तर पंधरा दिवसांमागंच झालंय," अण्णा म्हणाले. टेपची दोन्ही टोकं त्यांनी मुठीत गच्च धरली होती. "दहा मिनिटांचं पिळायचं काम हुतं. रोज सकाळी उठून ठरवायचो, आज करू. मग वाटायचं, पक्की केली की ही जाणार. घरात आमी दोघंच हाय, साहेब. म्हणून मी रोज काय न काय खोट काढली. गोट वाकडी न्हवती. हँडलबी बरोबर हुतं. माझंच मन हुईना."

अण्णा विट्यातल्या निम्म्या पुरुषांसमोर उभे होते, ज्यांच्या कमरांची मापं त्यांना तोंडपाठ होती. मला रडू यायला लागलं होतं. मग गर्दीतून कोंडिबा गवळ्याचा आवाज आला. तो खरोखरच दुखावलेला होता.

"आन् माझी प्यांट का अडवून धरलीया मग? मी कुठं जाणार हाय?"

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. रांगेत माझ्यामागून आलेले अजून सहा जण होते, काही पहिल्यांदा चुकून दुसऱ्यांदा उभे राहिलेले. ते संपेपर्यंत वेळ आहे, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. त्यानंतर ते स्वतः पान्हा लावून प्रत्येक नट बघणार, आणि एक जरी सैल निघाला तर बापलेक दोघांनाही पुढच्या वर्षी बोलावणार.

अण्णा गाडीशेजारी जमिनीवर बसले. चाचांनी पिशवी उघडली, पण अण्णांनी त्यांना हात लावू दिला नाही. मी हँडल धरून उभी राहिले. एकेक नट ते पिळत गेले, आधी हँडलचे चार, मग सीटचे, मग शॉकअपचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे. मी त्यांच्या डोक्याकडे बघत होते. मधल्या भागात केस किती विरळ झालेत, हे मला वरून पहिल्यांदाच दिसलं.

"बाही लांब वाटतीया का?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"नाही, अण्णा."

"मग जा."

मी गेले. साहेबांनी पान्हा लावून सगळे नट बघितल्यावर आकड्यावरून दोन फेऱ्या मारल्या. पाय टेकला नाही. तिसरी फेरी कुणी सांगितली नव्हती, ती मी उगाच मारली, कारण थांबले असते तर त्यांच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. साहेबांनी कागदावर सही केली. अण्णांनी पडलेली सायकल उचलली. नव्या सीटवर एकच माणूस बसायची सोय होती, त्यामुळे चाचा आणि ते सायकलवरून पुढे गेले आणि मी गाडीवरून हळूहळू मागून.

अठ्ठावीसला परवाना हातात आला आणि एक जुलैला मी जतला रुजू झाले. पहिले सहा महिने रोज रात्रीचं जेवण एकटीने जेवताना घशाखाली उतरायचं नाही. नंतर उतरायला लागलं. सत्तावीस वर्षं त्या नोकरीत काढली. लग्न जतलाच झालं, मुलं तिथेच झाली. लाल सीटची ती राजदूत मी बारा वर्षं चालवली आणि अठ्ठावीस गावांतल्या बायका मला ‘खिशावाल्या मॅडम’ म्हणायच्या.

सव्वीस जूनची हकिकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण अण्णाच ती सांगायचे. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितली, बारशांना सांगितली, माझ्या मुलांना तर कोंडिबाच्या आवाजासकट. लोक पोट धरून हसायचे. हसून झालं की अण्णा शेवटी न चुकता म्हणायचे, की माझ्यापायी पोरीचा जीव गेला असता, असला बाप. मग सगळे त्यांना गप्प करायचे. मीही करायची.

मी काय करायला हवं होतं ते मला त्या दिवसापासून माहीत आहे.

मी टेलरची मुलगी. दहाव्या वर्षापासून मी दुकानात बसून कच्चे टाके काढत आले. मला कच्चं-पक्कं कळत नव्हतं, असं अण्णांना वाटत असेल तर तो त्यांचा भाबडेपणा. त्या सकाळी ते सायकलवरून गल्लीबाहेर गेल्यावर मी अंगणात जाऊन हँडल धरलं होतं आणि ते माझ्या हातात फिरलं होतं. पान्हे खिळ्याला टांगलेले होते. मी ते घेतले नाहीत. अकराला चाचांनी विचारलं तेव्हा मी झाली म्हणाले. मला नापास व्हायचं होतं. अनोळखी गाव, एकटीची खोली, अठ्ठावीस ठिकाणी कॅनवर बसून माझ्याकडे बघणारे पुरुष, आणि इथे अण्णा एकटे. नाही म्हणायची मला हिंमत नव्हती, कारण अख्ख्या विट्याला मी छाती काढून सांगितलं होतं, की जाणार. गाडीने दगा दिला असता तर कुणी मला भित्री म्हटलं नसतं. आकड्याच्या मध्यावर हँडल खाली यायला लागलं तेव्हा जोर लावून ते मी धरू शकले असते. मी ते येऊ दिलं आणि पाय ठेवला.

मग अण्णा आले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. त्यानंतर मला पुन्हा नापास होणं जमलं नाही. मी जतला गेले ती धाडसाने नाही, शरमेने गेले.

हे अण्णांना सांगायचं मी दर दिवाळीला ठरवायची. गाडीचे नट त्यांनी पंधरा दिवस लांबणीवर टाकले, मी हे अठ्ठावीस वर्षं टाकलं.

ते गेले त्या उन्हाळ्यात मी महिनाभर विट्यात होते. एक्क्याऐंशी वर्षांचे झाले होते. दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते, डोळे मिटलेले बघून मला वाटलं झोपले. पण ते जागे होते.

"कुंदे, त्या दिवशी तुला लागलं असतं म्हंजे?"

"लागलं नाही ना, अण्णा."

"न्हाई लागलं. पर मी कधी तुला सरळ इचारलंच न्हाई. माफ केलंस का मला?"

माझं तोंड उघडलं होतं. सगळं अगदी ओठांवर होतं, अंगण, खिळ्याला टांगलेले पान्हे, सगळं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं गोष्ट सांगून लोकांना हसवणारा तो माणूस माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"केलं," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी पाय लांब केले. "तेवढं तुझ्याकडनं ऐकायचं राहिलं हुतं."